जुन्या घरगुती संगणकाची लिनक्समार्गे इंटरनेट-जोडणी

१९८० च्या दशकातील आठ-बिटी घरगुती संगणक सिरियल केबलने (एकामागून एक बिट नेणाऱ्या तारेने) लिनक्स ही कार्यप्रणाली चालवणाऱ्या यंत्राला जोडून त्याच्यामार्फत इंटरनेटवर आणण्याची पद्धती. बीबीसी मायक्रो (१९८१), कॉमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम (दोन्ही १९८२) ही यंत्रे यासाठी वापरली जातात. भारतात यांपैकी बीबीसी मायक्रो शाळांमुळे परिचित झाला. १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात तो होता. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो परवान्याखाली ‘युनिकॉर्न’ नावाने बनवला.

जोडणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात जुने यंत्र केवळ टर्मिनल, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा पडदा व कळफलक, असते : लिनक्सवरील गेटी हा प्रोग्रॅम सिरियल पोर्टवर लॉगिन देतो आणि लिंक्ससारखा मजकुरी ब्राउझर लिनक्सवरच चालतो. दुसऱ्या प्रकारात जुन्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळख-क्रमांक) मिळतो. काहींच्या मते दोन्ही प्रकार ‘जोडणी’च होत. तथापि पहिल्यात इंटरनेटवर प्रत्यक्ष असते ते लिनक्स. त्यामुळे ही संज्ञा दुसऱ्या प्रकारापुरती ठेवणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या प्रकाराचा आधार स्लिप हा सिरियल तारेवरून इंटरनेटची पॅकेटे (माहितीचे तुकडे) पाठवण्याचा नियमसंच. त्याचा उगम १९८० च्या दशकारंभीच्या थ्रीकॉम कंपनीच्या ‘यूनेट’ या नेटवर्क-सॉफ्टवेअरमध्ये सांगितला जातो, १९८४ च्या सुमारास रिक अ‍ॅडम्स यांनी तो बर्कली युनिक्स ४.२ साठी लिहून सर्वांना खुला केला. जनकत्व कोणाला द्यावे याविषयी एकवाक्यता नाही. कल्पना थ्रीकॉमची आणि प्रसार अ‍ॅडम्स यांचा, असे मानणे उपलब्ध वर्णनाशी अधिक जुळते. जून १९८८ च्या आरएफसी १०५५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) तो नोंदला गेला, पण शीर्षकातच त्याला ‘अप्रमाण’ म्हटले आहे. रचना अगदी तुटपुंजी : प्रत्येक पॅकेटच्या शेवटी १९२ या मूल्याची बाइट, तीच बाइट मजकुरात आली, तर तिच्या जागी २१९ व २२० ही जोडी, २१९ आली, तर २१९ व २२१. पत्ता ठरवणे नाही, चूक ओळखणे नाही. नंतरच्या पीपीपी या नियमसंचात (आरएफसी १६६१, १९९४) हे सारे आले. मात्र ६४ किलोबाइटच्या यंत्रात स्लिपच सुटसुटीत पडतो.

वेगाचा हिशोब येथे निर्णायक ठरतो. कॉमोडोर ६४ मध्ये सिरियलसाठी स्वतंत्र चिप नाही. प्रत्येक बिट मुख्य प्रोसेसरच मोजतो. म्हणून १२०० बिट प्रतिसेकंद ही त्याची सुरक्षित मर्यादा. त्या गतीने ४० बाइटांचे नुसते टीसीपी-आयपी शीर्षच (प्रत्येक पॅकेटच्या आरंभीची पत्ता वगैरे माहिती) सेकंदाचा तिसरा हिस्सा खाते. व्हॅन जेकबसन यांची शीर्ष-संक्षेप पद्धती (आरएफसी ११४४, १९९०) ते बहुधा तीन ते पाच बाइटांवर आणते. बीबीसी मायक्रोत सिरियलसाठी स्वतंत्र ६८५० चिप असल्याने ९६०० ची गती गाठता येते.

लिनक्सच्या बाजूस एसएल-अटॅच ही आज्ञा पोर्टला स्लिप जोडते. आयपी-अग्रेषण (एका जोडणीवरची पॅकेटे दुसरीकडे पुढे पाठवणे) मुळात बंद असते, ते सुरू करावे लागते, १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता मास्करेड नियमाने झाकला जातो, म्हणजे बाहेर लिनक्सचाच पत्ता दिसतो. एक मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला आजचे एचटीटीपीएस (संकेतस्थळांची कूटबद्ध जोडणी) झेपत नाही. ते काम लिनक्सवरील प्रॉक्सी या मध्यस्थ प्रोग्रॅमकडे सोपवतात.

विद्युत्‌दाबाची बाब वेगळी. कॉमोडोरच्या युजर पोर्टवर ५ व्होल्टचे संकेत असतात. त्याला आरएस-२३२ (अधिक दाबाचे सिरियल मानक) केबल थेट लावल्यास पोर्ट सांभाळणारी ६५२६ चिप जळू शकते, म्हणून मध्ये मॅक्स२३२ ही दाब बदलणारी चिप बसवतात.

नागपूर : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीची इंटरनेट सेवा मोजक्या महानगरांत सुरू झाली, नागपूर त्यांत नव्हते. त्या सेवेतील विद्यार्थ्यांच्या स्वस्त, केवळ मजकुरी आज्ञांच्या शेल खात्यात दूरच्या युनिक्स यंत्राची जी भूमिका होती, तीच आज घरातले लिनक्स बजावते. मॅक्स२३२, डीबी-९ जोड, यूएसबी-सिरियल केबल असे साहित्य बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) शोधावे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि दर दहा अंश वाढीमागे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. कॉमोडोरचा मूळ पॉवर सप्लाय तापून बिघडल्यास ५ व्होल्टऐवजी जास्त दाब देतो व मेमरी चिप निकामी करतो. जुना सप्लाय यंत्राला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासतात. अमेरिकन सप्लाय १२० व्होल्टचा असल्याने त्याला ट्रान्सफॉर्मरही लागतो.