लाइव्ह पेनड्राइव्ह आणि सहीचं राजकारण : पार्श्वभूमी

पेनड्राइव्हवरून लिनक्स थेट (लाइव्ह) चालवायचं म्हटलं की तो तयार करायला रूफस हे सॉफ्टवेअर घ्यावं की व्हेंटॉय, यावरच काथ्याकूट होतो. पण आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली फाइल, कितीही नीट लिहिली तरी ती चालू द्यायची की नाही हे मशीन ठरवतं, आणि त्या ठरवण्याचे नियम २०१२ मध्ये पडले.

त्याआधीचं थोडक्यात. सीडीवरून थेट चालणारं लिनक्स १९९२ मध्ये इग्ड्रासिल या डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार संचाने) दाखवलं, पण ते लोकांपर्यंत पोहोचवलं नॉपिक्स या डिस्ट्रोने, सुमारे दोन जीबीचा पसारा ७०० एमबीच्या सीडीत दाबून. पुढे २००८ मध्ये सिसलिनक्स या प्रकल्पाने आयएसओलाच हार्डडिस्कसारखा बूट सेक्टर (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा तुकडा) जोडण्याची युक्ती आणली. तेव्हापासून तीच फाइल सीडीवर चाले आणि डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने जशीच्या तशी उतरवली तर पेनड्राइव्हवरही. जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा त्यातलाच प्रोग्राम, फार चौकशी करत नसे. सेक्टरच्या शेवटी ठरलेली दोन बाइटची खूण दिसली की ताबा देऊन मोकळा.

विंडोज ८ आलं आणि हा भोळेपणा संपला. विंडोजचं प्रमाणपत्र हवं असेल तर नव्या मशीनवर सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम सुरू करण्याची सोय) सुरू करूनच विका, अशी अट मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना घातली. बूटलोडरवरची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामवरची, डिजिटल सही फर्मवेअरमधल्या (बायोसच्या जागी आलेल्या प्रोग्राममधल्या) किल्लीशी जुळली नाही तर तो चालणार नाही. आणि बहुतेक मशीनमध्ये हमखास सापडेल अशी किल्ली कोणाची, तर अट घालणाऱ्या कंपनीचीच.

लिनक्सवाल्यांनी काय करावं? वापरणाऱ्याला सिक्युअर बूट बंद करायला सांगावं, एकेका उत्पादकाला गाठून स्वतःची किल्ली बसवून घ्यावी, की प्रतिस्पर्ध्याकडूनच सही आणावी? फेडोरा या डिस्ट्रोने शेवटचा मार्ग धरला. शिम नावाच्या छोट्या प्रोग्रामवर तेवढी त्या कंपनीची सही, पुढचा ग्रब हा बूटलोडर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपल्या किल्लीने. खर्च एकदाच ९९ डॉलर. वाद पैशांचा नव्हताच. आपली सिस्टिम दुसऱ्याच्या मेहेरबानीवर सुरू व्हावी, हे अनेकांना झोंबलं. उबुंटूने तर ग्रब २ बाजूला ठेवायचा बेत केला होता, कारण त्याच्या जीपीएल ३ या परवान्यामुळे खासगी किल्ली उघड करावी लागेल अशी भीती होती. काही महिन्यांत तो बेत मागे घेतला गेला.

मला फेडोराचा निर्णय व्यवहार म्हणून पटतो. लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणजे लावा आणि बघा. नवख्याला आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये पाठवलं तर तो तिथूनच परत फिरतो. झळ मात्र इतरांना लागली. डेबियनसारख्या जुन्या डिस्ट्रोलाही हे जमवायला २०१९ ची दहावी आवृत्ती उजाडली. सिक्युअर बूट बंद करण्याची सोय द्यायची की नाही, हे विंडोज १० पासून उत्पादकाच्या मर्जीवर गेलं, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

२०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल ही फट सापडली. सदोष बूटलोडरांची यादी फर्मवेअरच्या तुटपुंज्या जागेत मावेना, म्हणून प्रत्येक बूटलोडरची नावं न लिहिता त्याच्या पिढीचा क्रमांक तपासणारी एसबॅट पद्धत आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने चालू शकणाऱ्या पिढीचा किमान क्रमांक वाढवला. ड्युअल बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) मशीनना हात लावणार नाही असं सांगूनही तो अनेक ठिकाणी लागू झाला आणि जुन्या शिमचे पेनड्राइव्ह बूट व्हायचे थांबले.

शिमवर सही करणारी २०११ ची किल्ली जून २०२६ पर्यंतचीच. फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही, त्यामुळे आधी सही झालेले पेनड्राइव्ह त्या कारणाने अडू नयेत. अडचण आहे ती, फक्त २०२३ च्या नव्या किल्लीने सही केलेला शिम ती किल्ली न पोहोचलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालवायचा झाला तर.