बोटीचा एसी आणि पाचशे लिटरची टाकी

जुलै महिना. गोव्यात चापोरा नदीच्या काठी फायबरची एक बोट डागडुजीसाठी वर ओढून ठेवली होती. बाहेर मुसळधार पाऊस, आणि आत बंद केबिनमध्ये वायरिंग करणारे तिघे घामाने निथळत होते. बोटीला एसी होता, पण तो गार होतो समुद्राच्या पाण्यावर आणि बोट तर जमिनीवर. तिची देखभाल करणाऱ्या माझ्या मित्राने ५०० लिटरची काळी टाकी आणली, पंपाची नळी तिच्यात सोडली आणि परतीची नळीही तिच्यातच. सकाळी नऊला सुरू केलेला एसी बाराच्या सुमारास बंद पडला. बोलावलेल्या मेकॅनिकने निदान केलं, "गॅस संपलाय."

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी लोक विनाकारण पैसे मोजतात. एसीतला गॅस इंधनासारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. नळी कुठे गळत असेल तरच तो कमी होतो, आणि मग आधी गळती शोधायला हवी. इथे गळती नव्हती. बिघाड टाकीत होता.

एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उपसतो. विहिरीवरच्या रहाटासारखंच हे काम आहे. केबिनमधल्या २५ अंशांवरची उष्णता उचलायची आणि त्याहून गरम जागी नेऊन ओतायची. ही चढण जितकी उंच, तितकी वीज जास्त. घरच्या एसीत उष्णता बाहेरच्या हवेत जाते. बोटीत ती तांबं-निकेलच्या नळीतून वाहणाऱ्या समुद्राच्या पाण्यात जाते आणि ते पाणी परत समुद्रात पडतं. समुद्राला त्याचं काहीच वाटत नाही. टाकीला वाटतं.

हिशेब करून बघू. एक टनाचा एसी केबिनमधून साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. (हा टन बर्फावरून आला: सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी.) कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते. ती धरली की पाण्यात जातात सुमारे साडेचार किलोवॅट, म्हणजे तासाला १६,२०० किलोज्यूल. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४.१९ किलोज्यूल लागतात. भागाकार केला की ५०० लिटरची टाकी तासाला पावणेआठ अंशांनी तापते असं निघतं. सुरुवातीला पाणी २९ अंश होतं, तीन तासांनी ५२! नळीतला गॅस पाण्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमानाला द्रवरूप होतो. आर-४१०ए हा गॅस ४० अंशांना द्रव व्हायला वातावरणाच्या सुमारे २४ पट दाब लागतो आणि ६० अंशांना सुमारे ३८ पट. तेवढा दाब चढला की सुरक्षेचा स्विच एसी बंद करतो. एसीने स्वतःचा जीव वाचवला होता.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. दोन्ही नळ्या टाकीच्या तळाशी शेजारी-शेजारी पडल्या होत्या. परतलेलं गरम पाणी लगेच पुन्हा ओढलं जात होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीची नळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी बांधली आणि ओढणारी तळाशीच ठेवली. दहा-पंधरा मिनिटांनी मी टाकीत हात घातला. मनगटापर्यंत अंघोळीचं कोमट पाणी होतं आणि कोपर बुडताच बोटांना विहिरीचा गारवा लागला. २९ आणि ३४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम दोन ग्रॅमचा फरक असतो, पण पाणी ढवळलं नाही तर तेवढ्या फरकावर थर टिकतो. पंप मिनिटाला १२ लिटर पाणी ओढतो, म्हणजे एका फेरीत पाणी सुमारे साडेपाच अंश तापतं आणि सगळी टाकी एकदा फिरायला चाळीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ एसीला २९ अंशांचंच पाणी मिळतं. एकूण उष्णता तेवढीच राहते, पण एसीला मिळणारं पाणी सरासरी अडीच-पावणेतीन अंशांनी गार असतं. त्यातून वीसेक मिनिटं जास्त मिळतात. पाण्यावर डोलणाऱ्या बोटीत मात्र हा थर टिकत नाही.

टाकीचं झाकण उघडून पाणी कारंज्यासारखं उडवावं, असं मित्राने सुचवलं. साडेचार किलोवॅट घालवायला तासाला साधारण पावणेसात लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत, जिथे घरोघरी कूलर चालतात, हे जमेल. कोकणपट्टीत जुलैची हवा आधीच ओथंबलेली असते, ती फारशी वाफ घेत नाही.

काही पोलादी बोटींत अशी टाकी आतच असते आणि तिची एक भिंत म्हणजे बोटीचा तळच असतो. सहा मिलिमीटरचा पत्रा उष्णतेला जवळजवळ अडवत नाही, त्यामुळे टाकी तापली की तळाखालचं पाणी तिला गार करतं. शेवाळ, शिंपले, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांनी गाळणी तुंबण्याची कटकटही राहत नाही. बऱ्याच मोठ्या जहाजांवरही यंत्रांमधून गोडं पाणीच फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त त्या गोड्या पाण्याला गार करतं. फायबरचं तसं नाही. दहा मिलिमीटर जाड फायबरच्या चार चौरस मीटर भिंतीतून साडेचार किलोवॅट बाहेर जायला दोन्ही बाजूंत सुमारे ४५ अंशांचा फरक लागेल. तिथे टाकी म्हणजे फक्त साठवण.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: यासाठी पिण्याच्या पाण्याची टाकी कधीही वापरू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जीवाणू वाढतो आणि त्या पाण्याचे तुषार श्वासातून गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

मित्राने शेवटी दुसरी तेवढीच टाकी आणून पहिलीला जोडली. दोन्ही तापायला दुपारचे तीन वाजू लागले. मग ते पाणी बोटीचा तळ धुवायला जायचं, आणि संध्याकाळी विहिरीवरचा पंप लावून दोन्ही टाक्या पुन्हा भरून ठेवायचे.