खाणीवरची हिरवळ मोजताना: घनता वेगळी, आच्छादन वेगळं

खान्देशात खाण म्हटली की बहुतेक वेळा गिट्टीची, नाहीतर मुरमाची. काम संपतं, खड्डा सपाट होतो, वर माती पसरून रोपं लावली जातात आणि पुढच्या वर्षी अहवालात एक ओळ येते: ‘८० टक्के यश’. कशाचे ८० टक्के? लावलेल्यांपैकी एवढी रोपं जगली, की एवढी जमीन झाकली गेली? लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा पहिलं असतं, वाचणारा दुसरं समजून बसतो.

जगलेली रोपं मोजून निघते ती घनता, म्हणजे हेक्टरी किती झाडं. आच्छादन म्हणजे वरून सरळ खाली पाहिलं तर जमिनीचा किती भाग पानांखाली गेला ते. हिशोबच करून बघा. ३ बाय ३ मीटरवर लागवड केली तर हेक्टरी साधारण १,१११ रोपं बसतात. एकेका रोपाचा पसारा ३० सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर सगळी मिळून जेमतेम ७९ चौरस मीटर झाकतात. १०,००० पैकी ७९! एकही रोप मेलं नाही तरी ९९ टक्के मुरूम उघडाच राहिला, आणि पहिला जोरदार पाऊस त्यातूनच ओघळ पाडतो.

उलटंही घडतं. जुलैत तरोट्याची इवली रोपं मोजता मोजवत नाहीत. ऑक्टोबरपर्यंत त्यातली थोडीच उरतात, पण ती भरलेली असतात. घनता घसरली, आच्छादन वाढलं.

झाडांसाठी १० बाय १० मीटरची चौकट आखून मोजणी करतात, ती ठीक. गवताला मात्र घनता लावूच नये, असं माझं मत. मारवेलाचा एक ठोंब कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. तिथे ५० मीटरचा टेप ताणायचा, दर अर्ध्या मीटरवर सायकलची तार सरळ खाली सोडायची आणि तिला पहिलं काय लागलं ते लिहायचं: हिरवं, पाचोळा, दगड की उघडी माती. १०० नोंदी झाल्या की टक्केवारी हातात. अंदाजपंचे नको, उताराकडे तिरकं पाहिलं की विरळ गवतही दाट दिसतं.

महिनाही वेगळा. रोपं मोजावीत उन्हाळा काढल्यावर, पावसाच्या तोंडावर. आच्छादन मात्र दोनदा, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात. ऑक्टोबरचा आकडा देखणा असतो, पण पहिली सर झेलायची असते मेमध्ये जे उरलं त्याला.

८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्टेधारकांवर घाला. जमीन चारा, वनस्पती, प्राणी यांना योग्य झाली पाहिजे. मागणी गवताची आहे, तेव्हा हेक्टरी झाडांचा आकडा हे तिचं उत्तर होत नाही. नुसतं आच्छादनही पुरत नाही, कारण गाजरगवतही जमीन झाकतंच आणि साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून तारेला हिरवं लागलं, की नोंदीपुढे गवताचं नावही लिहायचं.