घरगुती ब्रूइंगमधला पंप : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर काढणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे घरच्या बिअरसाठी कोणता पंप घ्यावा, हा प्रश्न मराठवाड्यात येतो तो परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून, आणि तो विचारला जातो गावाकडच्या मोटर जाणणाऱ्या माणसाला. उत्तर बहुतेकदा चुकतं, म्हणून ही नोंद.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट 1963 साली गेली. अमेरिकेत 1978 चा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. सुरुवातीच्या मांडणीत पंप नव्हताच. एकावर एक तीन पातेली ठेवायची, वरून गरम पाणी, मधे मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरड धान्य), खाली उकळायचं भांडं, बाकी काम उताराचं. चार शतकांपूर्वी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरी कालव्याचं पाणीही पंपाशिवायच आलं. पण तिथे पाणी थंड होतं. इथे डोक्याच्या उंचीवर 75-80 अंशांचं पाणी असतं आणि खाली माणूस उभा. तिन्ही भांडी एका पातळीवर आणायची ठरलं, तेव्हा पंप आला.

आला तो रसायनांच्या कारखान्यांसाठी घडलेला चुंबकी पंप. त्यात मोटरचा दांडा रसापर्यंत, म्हणजे मॅशमधून गाळलेल्या गोड पाण्यापर्यंत, जातच नाही. बाहेरचं चुंबक भिंतीपलीकडचं पंख्याचं चुंबक फिरवतं. दांड्याभोवती सील नाही, म्हणून तिथून गळती नाही आणि ग्रीसही रसात उतरत नाही. अशा छोट्या पंपाची धाव काही मीटरपुरती, आणि या कामाला तेवढी पुरते.

आता घोळाचा मुद्दा : सेल्फ प्राइमिंग, म्हणजे मोटरने नळीतली हवा काढून पाणी स्वतः ओढून घेणं. आपल्याकडे मोटर घेताना पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्तही आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात टिल्लूने (नळाला लावायच्या छोट्या मोटरने) हवा धरली की अख्खा हप्ता कोरडा. म्हणून चुंबकी पंप स्वतः पाणी ओढत नाही हे कळताच लोक त्याला कमअस्सल ठरवतात. माझ्या मते इथेच सगळं फसतं. विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर टप्प्याटप्प्याने खाली उतरवावी लागते, कारण सात-आठ मीटरपेक्षा खोलवरून ती पाणी ओढत नाही. ही मर्यादा हवेच्या दाबाची, आणि पाणी तापेल तशी ती आकसते. 90 अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊ पाहण्याचा जोर, हवेच्या दाबाच्या सुमारे 70 टक्के असतो. उकळत्या रसाला तर ओढायला जागाच उरत नाही. ओढलं की नळीतच वाफ होते आणि पंप मोकळा फिरतो. मोटर कितीही दमदार असली तरी फरक पडत नाही. उकळता रस पंपापर्यंत आपल्या वजनाने यायला हवा, पुढे पंपाने ढकलायचा. म्हणून पंप भांड्याच्या तळाखाली बसवायचा, पंपात येणारी नळी जाड आणि आखूड ठेवायची, तोटी आवळायची ती नेहमी पंपातून बाहेर जाणाऱ्या बाजूची. येणाऱ्या बाजूची आवळली की वाफ ठरलेली.

टिल्लूच्या विरोधात आणखीही आहे. बिडाचं अंग, पितळी पंखा, बारीक फट. ती थंड, स्वच्छ पाण्यासाठी घडलेली मोटर. टरफलाचा कण अडकला की ती अडते, आणि जोरात ओढलं तर मॅशमधला धान्याचा थर दाबून घट्ट बसतो. मग रस उतरायचा थांबतो.

2010 नंतर 12 आणि 24 व्होल्टचे ब्रश नसलेले पंप स्वस्त झाले आणि एकाच भांड्यात पंप बसवलेली विजेची यंत्रं पसरली. निवड आता पंपाचं डोकं, म्हणजे पंख्यावरचं झाकण, कशाचं आहे यावर येऊन ठेपली आहे. पॉलिसल्फोन या टणक प्लास्टिकचं डोकं उकळता रस सहन करतं आणि हलकं असतं, मात्र आटे जपावे लागतात. स्टीलचं महाग, पण नळ्या रोज काढायच्या-घालायच्या असतील तर मी स्टीलच सांगेन. कोणतंही घ्या, चार स्क्रू काढून पंखा हातात येतो का ते दुकानातच बघून घ्यावं. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ धुवायला तो दर वेळी उघडावाच लागतो.