धातूचा पीळ

देवगडला आमच्या शेजारी तात्या राहायचे. पावसाळ्यात पडवीत बसून काथ्याचा सुंभ वळायचे. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवलेली नारळाची सोडणं, झोडपून काढलेला काथ्या आणि मांडीवर तळहाताखाली सरसर फिरणारे दोन पेड. तात्या डावखुरे. त्यामुळे त्यांच्या सुंभाचा पीळ बाकीच्यांच्या नेमका उलटा पडे. विहिरीवर दोन दोर दिसले की आई नुसतं बघून सांगायची, "ह्यो दोर तात्यांचो."

रेणूंमध्येही असे डावखुरे-उजवखुरे असतात. पाश्चरनी 1848 साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले. हा गुण कार्बनचाच, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. झुरिकच्या आल्फ्रेड वर्नर यांनी 1911 साली कोबाल्टच्या संयुगात डावं-उजवं वेगळं करून दाखवलं. 1913 साली त्यांना नोबेल मिळालं, तरी शंका काढणारे होतेच. मग 1914 साली त्यांनी कार्बनचा एकही अणू नसलेलं तसं संयुग समोर ठेवलं. विषय संपला.

असा रेणू डोळ्यासमोर आणायचा तर पंखा आठवावा: मधे धातूचा अणू, भोवती त्याने धरलेल्या अणुगटांची तिरकी बसलेली तीन पाती. पाती एका बाजूला कललेली तर उजवा, दुसरीकडे तर डावा.

हा पंखा द्रवस्फटिकात टाकला की खरी गंमत सुरू होते. द्रवस्फटिक 1888 साली प्रागमध्ये सापडला, तोही फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला. त्याचा पदार्थ 145.5 अंशांना वितळून गढूळ व्हायचा आणि 178.5 अंशांना नितळ. ही गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. साध्या द्रवस्फटिकात काडीसारखे रेणू वाहतात, पण भरतीला खाडीत नांगरलेल्या होड्यांसारखी सगळ्यांची तोंडं एकीकडे असतात. त्यात पंख्यासारखे पीळदार पाहुणे रेणू मिसळले की शेजारचा रेणू किंचित वळतो, त्याच्या शेजारचा आणखी किंचित, आणि सगळा द्रव मळसूत्रासारखा पिळला जातो. पाहुणा जोरकस असेल तर शंभरात तीनेक पुरतात. पिळाचा एक पूर्ण फेरा 350 नॅनोमीटरचा आणि द्रवाचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती पट मंदावतो ते माप) 1.5 असेल, तर 525 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश परततो. फेरा लांबला तर लाल दिसतो, आखडला तर निळा. कपाळावर चिकटवायच्या तापाच्या पट्टीत हेच चालतं.

म्हणजे पाहुण्याच्या अंगात काही बदललं, तर ते रंगातून नुसत्या डोळ्यांना दिसतं. रेणूला काय झालं हे बघायला एरवी खोलीभर यंत्रं लागतात!

कोबाल्ट, क्रोमियम, रुथेनियम या धातूंची गत 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' अशी. पाती एकदा बसली की सहसा हलत नाहीत. जस्त आणि तांबं मात्र उठवळ, पाती सोडतात आणि दुसरी धरतात. मला यांचंच जास्त कौतुक. 2000 साली न्यूयॉर्क विद्यापीठात जेम्स कॅनरी यांच्या गटाने तांब्याचा असा एक रेणू दाखवला: तांब्याला एक इलेक्ट्रॉन दिला की ते ऑक्सिजन सोडून गंधक धरतं आणि पंखाच उलट्या बाजूला कलतो. इलेक्ट्रॉन काढून घेतला की पुन्हा पहिल्यासारखा. बटणच म्हणा ना.

अडचणी आहेतच. विद्युतभार असलेली धातूसंयुगं तेलकट द्रवस्फटिकात विरघळत नाहीत. मग त्यांना लांब शेपट्या लावा, भार काढून टाका. शिवाय अनेकांना स्वतःचाच गडद रंग असतो, तो मधे लुडबुडतो.

माझ्या डोक्यात बंदरावरची बांगड्याची टोपली आहे. मासळी उतरू, म्हणजे नासू लागली की तिच्यातून अमाइन नावाची संयुगं सुटतात, आणि अमाइनला तांबं-जस्त धरायला फार आवडतं. त्या धरण्याने पाती हलली तर टोपलीला लावलेल्या द्रवस्फटिकाच्या पट्टीचा रंग बदलेल. पण टोपली बर्फातून उन्हात आली तरी रंग बदलणार, कारण पीळ उष्णतेनेही सैलावतो किंवा आवळतो. म्हणून पट्ट्या दोन हव्यात, शेजारी शेजारी: एकीत उठवळ तांबं, दुसरीत हट्टी कोबाल्ट. उन्हाने दोन्ही बदलतील, उतरलेल्या बांगड्याने एकच.