सकर घेण्याआधी हे वाचा

‘टाकी साफ करणारा मासा द्या’ म्हणत कुणी ना कुणी दुकानात येतंच. बोटाएवढा सकर पिशवीत भरून द्यायला आम्हाला कितीसा वेळ लागतो! पण वर्षा-दोन वर्षांत तो फूटभर होतो आणि तिथेच थांबतो असंही नाही. मग ‘परत घ्या’ म्हणून फोन येतो.

मुळात सकर इतर माशांची घाण खात नाही. काचेवरचं शेवाळ खरवडतो, तेही लहानपणी जास्त. त्याची स्वतःची घाण मात्र भरपूर. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायची तयारी हवी. नळाचं पाणी अँटीक्लोरीन घालूनच टाका.

झाडांचं काय? दिवा गेला की हा गडी तळ घुसळत फिरतो आणि रोवलेली रोपं सकाळी तरंगताना दिसतात. ॲमेझॉन स्वॉर्डच्या रुंद पानांना चिकटून खरवडतो, त्यांची जाळी होते. म्हणून अनुबियास आणि जावा फर्न घ्या. दोन्ही ड्रिफ्टवुडला (टाकीत ठेवायच्या लाकडाच्या ओंडक्याला) दोऱ्याने बांधायची. त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं तर कुजतं. स्वॉर्ड हवाच असेल तर मातीच्या छोट्या कुंडीत लावून वर मोठे गोटे ठेवा. मोठे दगड आधी काचेवर टेकवा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासा उकरतो आणि दगड कलंडतो. ड्रिफ्टवुड तो स्वतःही खरवडतो, तेव्हा ते हवंच.

खाणं दिवा बंद केल्यावर. माशांच्या खाद्याचे वेफर, काकडीची चकती किंवा उकडलेला दोडका द्या. उरलेलं सकाळी काढा. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे एअर पंप बंद करू नका.

चार बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीत पाणीच अडीचशे किलोच्या आसपास भरतं. काच, वाळू, स्टँड वेगळं. आणि पूर्ण वाढलेल्या सकरला तीही अपुरीच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आमचा सल्ला ब्रिसलनोजचा, म्हणजे सकरच्याच कुळातल्या छोट्या माशाचा. पाच इंचांच्या आसपास वाढ, शेवाळ खातो आणि झाडांना फारसा त्रास नाही. महाग आहे, हे खरं.

सकर मोठा झाला तर मासुंदा, उपवन किंवा कुठल्याच तलावात सोडू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा काठात बिळं करतो, इथल्या माशांच्या वाट्याचं खातो आणि एकदा वाढला की हटत नाही. आमच्याकडे आणून द्या. पैसे मिळणार नाहीत, पण मासा आम्ही ठेवून घेऊ. येण्याआधी फोन करा, मोठं टब रिकामं करून ठेवावं लागतं.