छर्रा खाली लागतोय? स्कोप लगेच बदलू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या एअरगनवाल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: छर्रा खाली लागतोय आणि नेम वर-खाली करायची नॉब टोकाला पोचली, म्हणजे स्कोपच (गनवरची नेम धरायची दुर्बीण) खराब. मग चांगला स्कोप कवडीमोलाने विकला जातो. वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा स्कोपचा नसतोच.

नळी मोडून (बिजागरीवर खाली वाकवून) भरायच्या बऱ्याच गनमध्ये नळी किंचित खाली झुकलेली असते. स्कोप सरळ बघतो, छर्रा खाली जातो. ‘अप’कडे नॉब टोकापर्यंत फिरवली की आतल्या स्प्रिंगचा ताण कमी होतो आणि गनच्या धक्क्याने झिरो (जुळवून ठेवलेला नेम) सरकू लागतो. ‘स्कोप टिकत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

आधी माउंटचे (स्कोप गनवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे) स्क्रू तपासा, अर्थात गन रिकामी आहे हे पाहूनच. मग नॉब मधोमध आणा आणि मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, पातळ पट्टी घाला. रिंगांमध्ये 100 मिमी अंतर असेल तर 0.1 मिमीची पट्टी 10 मीटरवर मारा सुमारे 1 सेंमी वर नेते. नॉबची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक तिथे जेमतेम 0.7 मिमी हलवते! जाड पट्टीने मात्र स्कोपची नळी दबते; फरक मोठा असेल तर उताराचा (मागे उंच, पुढे सखल) माउंटच घ्या.